साइटच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं साइट इंजिनिअर म्हणून काम केल्यावर नव्या प्रकल्पात पर्यावरणाची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. हातात पर्यावरण व्यवस्थापनाचा जाडजूड आराखडा आहे. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात कागद नीट ठेवा, मुकादम म्हणतात कामात अडथळा आणू नका. मग रोज साइटवर नेमकं काय करायचं, आणि ही जबाबदारी खरंच तुमची एकट्याची आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एकट्याची नाही, आणि तशी ती ठेवली तर निभणारही नाही. साइटवर नुकसान करणारा निर्णय 'पर्यावरण' असं नाव लावून येत नाही. कुठला उतार आधी सोलायचा (म्हणजे गवत आणि वरची माती काढून उघडा करायचा), मिक्सर कुठे धुवायचा, सळई किती लांबीची मागवायची, पंपाचा पाइप कुठे सोडायचा, हे सगळे कामाचे निर्णय आहेत आणि ते घेणारी माणसं वेगवेगळी आहेत. ज्याच्या हातात काम, त्याच्याच हातात नुकसान थांबवणंही असतं. तुमच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. साइटच्या हद्दीबाहेर काय जातंय ते इतरांच्या आधी तुम्हाला दिसलं पाहिजे. आणि ते अडवण्याची तजवीज खोदाई सुरू होण्याआधी कामाच्या वेळापत्रकात बसली पाहिजे. मी बिघडलेल्या ज्या साइट पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचा आराखडा चांगला होता. तो लिहिणारा आणि जमीन खोदणारा यांची गाठ मात्र कधी पडली नव्हती.

म्हणून पहिल्या दिवशी फाइल बाजूला ठेवा आणि साइटच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. पाणी तिथूनच बाहेर पडणार आहे. तिथून मागे वळून उतार पाहा. वरून कोणाचं पाणी तुमच्या हद्दीत येतं, कुठली जमीन उघडी पडणार आहे, मातीचा ढीग कुठे लावायचं ठरलंय, आणि खाली पहिला नाला, गटार किंवा ओढा किती अंतरावर आहे, हे अर्ध्या तासात कळतं. नकाशावर हे सगळं असतं, पण तिथे उभं राहिल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण बांधकामाचं सर्वांत जास्त नुकसान याच वाटेने बाहेर जातं आणि याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. साधा हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर उघड्या जमिनीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 2,50,000 लिटर पाणी पडलं. त्यातलं निम्मं जरी वाहून निघालं, तरी सव्वा लाख लिटर. कोपऱ्यात चार बाय चारचा, दीड मीटर खोल खड्डा खणून 'गाळाची टाकी केली' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा कधी मांडलेला नसतो. त्या खड्ड्यात 24,000 लिटर मावतात. उरलेलं पाणी वरून ओसंडून जातं आणि जाताना तळाला बसलेला गाळही ढवळून नेतं.

टाकी पुरेशी मोठी केली तरी प्रश्न संपत नाही. कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो, याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये मांडला. कणाचा व्यास दहापट लहान झाला, की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहापट बारीक पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात. त्याहून दहापट बारीक, म्हणजे एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) चिकणमातीचा कण असेल, तर पाणी अगदी स्थिर राहूनही त्याला तेरा-चौदा दिवस लागतात. इतका वेळ पाणी साठवून ठेवायला कुठल्याच साइटवर जागा नसते. म्हणजे चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की ती बाहेर जाणार, असंच धरून चालावं. गढूळ पाणी पुढे ओढ्यात गेलं की ते माशांच्या कल्ल्यांत बसतं, तळच्या खडीत घातलेली अंडी झाकून टाकतं, पाणवनस्पतींपर्यंत उजेड पोचू देत नाही. काही जण गाळ लवकर बसावा म्हणून रसायन टाकतात. त्यातली धन विद्युतभार असलेली रसायनं माशांच्या कल्ल्यांना चिकटतात. तेव्हा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय, मोजल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

यावरचा खरा उपाय वर, उतारावर आहे: माती पाण्यात मिसळूच द्यायची नाही. त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो आणि इथेच तुमची मुकादमांशी पहिली चर्चा होईल. यंत्र भाड्याने आलेलं असतं, म्हणून एका दमात सगळी जागा सोलून टाकायची ओढ असते. पण पुढचे दोन महिने ज्या भागात काही काम नाही, तिथलं गवत सोलून काय मिळवलं? जेवढं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खोदायचं आहे तेवढंच उघडं करा. हद्दीच्या वरच्या बाजूने एक चर काढून बाहेरचं स्वच्छ पाणी वळवून थेट खाली सोडा. आपल्या मातीला ते शिवलंच नाही, तर ते साफ करायची वेळही येत नाही. भरावाचा उतार तयार झाला की त्याच दिवशी त्यावर गवताचं बी, पेंढा किंवा काथ्याची जाळी पडली पाहिजे. 'शेवटी लँडस्केपिंगमध्ये करू' हे वाक्य ऐकलं की समजा, मधल्या प्रत्येक पावसात ती माती वाहून जाणार आहे.

गाळ अडवायच्या कापडाबद्दलही सांगायला हवं, कारण दहापैकी आठ ठिकाणी मी ते चुकीचं लावलेलं पाहिलं आहे. हे कापड गाळणी म्हणून पाणी गाळतं असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची भोकं काही वेळात बुजतात आणि ते छोट्या बांधासारखं काम करतं. पाणी मागे तुंबतं, संथ होतं, आणि जड कण खाली बसतात. म्हणून ते समपातळीत, उताराला आडवं लावायचं, दोन्ही टोकं उताराच्या वरच्या दिशेला वळवायची आणि खालची कड किमान 15 सेंटिमीटर चरात पुरून माती दाबायची. नुसतं खुंट्यांना ताणून बांधलं तर पाणी खालून निघून जातं. आणि वाहत्या ओहोळात आडवं लावलं, तर पहिल्या जोराच्या पावसात खुंट्यांसकट जातं. मागे साचलेला गाळ कापडाच्या निम्म्या उंचीपर्यंत यायच्या आत काढायचा असतो. हे काम कोणाच्या रोजच्या यादीत आहे? तुमच्या आराखड्यात त्या माणसाचा हुद्दा लिहिलेला नसेल, तर आजच लिहा.

दुसरं पाणी गढूळपणाहूनही घातक असतं. ते म्हणजे काँक्रीटचं धुवण. ओल्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि त्या पाण्याचा पीएच 12 ते 13 पर्यंत जातो. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, हे शाळेत शिकूनही साइटवर कोणाच्या लक्षात राहत नाही. नऊच्या पाण्यापेक्षा बाराचं पाणी हजार पटीने जास्त अल्कधर्मी असतं. बहुतेक गोड्या पाण्यातले मासे साडेसहा ते नऊ या पट्ट्यात जगतात.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक घटना सांगतो. स्लॅब रात्री उशिरा संपला. शेवटच्या ट्रान्झिट मिक्सरच्या, म्हणजे काँक्रीट आणणाऱ्या गाडीच्या चालकाने काँक्रीट ओतायचा घसरणीचा पत्रा धुवायला जागा विचारली आणि मीच हाताने गेटजवळची कडेची जागा दाखवली. तिथे अंधारात पावसाच्या पाण्याची जाळी होती. ती मला माहीत होती, पण आठवली नाही. त्या रात्री तिथे तीन गाड्या धुतल्या गेल्या. सकाळी खालच्या ओढ्याच्या डबक्यात बोटाएवढे मासे उलटे तरंगत होते. कोणी तक्रार केली नाही, कोणी दंड केला नाही. पण ते मासे मी मारले होते, आणि धुवण्याचा खड्डा आराखड्यात होता, फक्त खोदायचा राहिला होता. तेव्हापासून माझा नियम एकच: धुवण्याचा खड्डा तयार होऊन त्याला पाटी लागल्याशिवाय पहिली काँक्रीटची गाडी गेटच्या आत येत नाही. पीसीसीची, म्हणजे पायाखालच्या साध्या बिनसळईच्या काँक्रीटचीसुद्धा नाही.

खड्ड्याला जाड प्लास्टिकचं अस्तर द्या, तो नाल्यापासून दूर आणि गाडी सहज वळेल अशा जागी ठेवा. गैरसोयीच्या जागी ठेवलेला खड्डा कोणी वापरत नाही, तिथे चालकाला दोष देऊन उपयोग नाही. त्यात पंपाचा पाइप, घमेली, थाप्या, व्हायब्रेटर हे सगळं धुतलं जावं. पाणी उडून जातं, उरलेला थर घट्ट होतो, तो फोडून भरावात वापरता येतो. पाणी बाहेर सोडायचंच असेल तर आधी पीएच मोजा. उतरवण्यासाठी ॲसिड ओतू नका, जरा जास्त झालं तर पाणी दुसऱ्या टोकाला जातं आणि हाताळणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पीएच उतरवण्याची पद्धत जास्त सुरक्षित आहे, कारण त्यातून सौम्य आम्लच बनतं. मोजायला पीएचच्या कागदी पट्ट्या पुरतात, त्या खिशात ठेवा. हेच पाणी कामगारांचे हातपाय भाजतं. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्या मिस्त्रीला जखम झाल्याचं तासाभराने कळतं. पर्यावरण आणि सुरक्षा ही आपण कागदावर दोन खाती करतो, पण काँक्रीट तसा भेद करत नाही.

गाडीत काँक्रीट उरलं तर काय? उरणारच आहे. आधीच चार-पाच साचे मांडून ठेवा, कव्हर ब्लॉकचे, कडेच्या दगडांचे, किंवा जड ठोकळ्यांचे. ते नसतील तर उरलेलं काँक्रीट सर्वांत जवळच्या मोकळ्या जागी पडतं, आणि ती जागा हमखास एखाद्या झाडाच्या बुंध्याशी असते.

धूळ. लोक शिंपडणीच्या टँकरच्या फेऱ्या मोजतात आणि काम झालं असं समजतात. डोळ्यांना दिसणारी धूळ त्रासदायक असते, कपड्यांवर आणि पानांवर बसते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी धूळ मात्र दिसत नाही. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, आणि खोलवर जाणारे कण चार मायक्रॉनच्या आतले. काँक्रीट, दगड, वीट किंवा टाइल कोरडी कापली की त्यातून स्फटिकी सिलिका उडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये तिला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सिलिकोसिस झालेलं फुप्फुस पुन्हा बरं होत नाही. म्हणून धूळ उडाल्यावर पाणी मारण्यापेक्षा कटरच्या पात्यावरच पाणी पडलं पाहिजे, किंवा यंत्रालाच धूळ ओढून घेणारा पाइप हवा. मजला कोरड्या झाडूने झाडणं बंद करा. बाहेर आलेली धूळ आणि आत काम करणाऱ्याच्या छातीत गेलेली धूळ एकाच यंत्रातून निघते, त्यामुळे इथेही एकाच उपायाने दोन्ही थांबतात.

कच्च्या रस्त्यावरच्या धुळीचं सर्वांत स्वस्त औषध म्हणजे गाडीचा वेग. डंपर 30 च्या ऐवजी 15 ने चालला तर धूळ लक्षणीय कमी होते, आणि त्यासाठी एक थेंब पाणी लागत नाही. पाणी मारायचंच तर थोडं थोडं, अनेकदा. एकदम जास्त ओतलं की चिखल होतो, तो चाकांना लागून सार्वजनिक रस्त्यावर जातो, तिथे सुकतो आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी दारात पुन्हा धूळ होऊन उडतो. गेटच्या आत किमान 15 मीटर जाड दगडांची पट्टी टाका, म्हणजे टायरमधला चिखल तिथेच झडतो. चाकं धुवायची सोय केली तर ते पाणी कुठे जातं ते बघा. ते गाळाच्या टाकीत गेलं नाही, तर आपण चिखल नुसता एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर ढकलला.

मातीचा वरचा थर, सुमारे 15 ते 30 सेंटिमीटरचा, हा जिवंत असतो. त्यात गांडुळं, बुरशी, बियाणं असतं आणि तो बनायला शेकडो वर्षं लागतात. तो खालच्या मुरमात मिसळला की संपला. वेगळा काढा, ओला असताना हाताळू नका, ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नका आणि त्यावर गाड्या चढवू नका. झाडांच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. बुंध्याभोवती विटांची एक गोल ओळ लावून 'झाड वाचवलं' म्हणणारे खूप भेटतात. झाडाची बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. ब्रिटिश मानक 5837 मध्ये एक सोपा नियम आहे: दीड मीटर उंचीवर बुंध्याचा जो व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ कुंपण घालून राखायचं. अर्धा मीटर जाड बुंधा असेल तर चारही बाजूंनी सहा मीटर. त्या वर्तुळात खडी साठवायची नाही, गाडी उभी करायची नाही, भराव टाकायचा नाही, चर खोदायचा नाही. माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू मरतं. हे कळतं तीन-चार वर्षांनी, जेव्हा ठेकेदार निघून गेलेला असतो आणि झाडाला 'कीड लागली' असं सांगितलं जातं. कुंपण यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी उभं राहिलं पाहिजे. नंतर घातलेल्या कुंपणाच्या आत दाबलेली माती असते.

डिझेलचं थोडक्यात सांगतो, कारण यात नवं काही नाही, फक्त करायचं राहतं. टाकीखाली गळती धरणारा हौद हवा, टाकीच्या क्षमतेपेक्षा 10 टक्के जास्त मावेल असा, आणि त्यात साचलेलं पावसाचं पाणी नियमित काढायला हवं, नाहीतर गळतीच्या दिवशी हौद आधीच भरलेला असतो. इंधन भरताना माणूस तिथेच उभा पाहिजे. शोषून घेणारा भुसा किंवा चादरी टाकीपासून दहा पावलांवर हव्यात, कुलूपबंद स्टोअरमध्ये नकोत.

राडारोड्याकडे बहुतेक जण तो तयार झाल्यावर पाहतात. तो तयार होतो खरेदीच्या टेबलावर. बारा मीटरची सळई येते, आणि तुम्हाला पाच मीटरचे तुकडे हवे असतील, तर दर सळईमागे दोन मीटर भंगारात जातात. बार बेंडिंग शेड्युल (कुठली सळई किती लांबीची कापायची आणि वाकवायची याची यादी) आधी नीट मांडून छोट्या लांब्या त्या दोन मीटरमध्ये बसवल्या, तर तेच उरलेलं लोखंड रिंगांत जातं. टाइलच्या मापाला खोलीचं माप जुळवणं डिझायनरला रेषा ओढताना एक मिनिटाचं काम आहे. साइटवर तेच कडेकडेने कापलेल्या तुकड्यांचे ढीग होतात. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर ठेवून भिजवणं, विटा ट्रॉलीतून ओतून उतरवणं, आणि 'असू दे जास्तीचं' म्हणून मागवलेलं सामान, या तीन सवयींचा हिशोब एक महिना ठेवून बघा. मी तो तोंडी सांगून कधीच कोणाला पटवू शकलो नाही. आठवड्याच्या बैठकीत किती गाड्या बाहेर गेल्या आणि त्यांत काय होतं, एवढं फळ्यावर लिहायला लागलो तेव्हा फरक पडला.

जो कचरा होतोच, तो जिथे होतो तिथेच वेगळा पडला पाहिजे. एकदा मिसळला की कोणी निवडत नाही. जिप्सम बोर्ड विशेष वेगळा ठेवा. तो ओल्या सेंद्रिय कचऱ्यासोबत पुरला गेला तर जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. आणि साइटवर काहीही जाळायचं नाही. पीव्हीसीचे पाइप आणि केबलची आवरणं जाळली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन निघतात. रात्री वॉचमन शेकोटीत शटरिंगचं तेलकट लाकूड घालतो, तेव्हा त्याला रागावण्याआधी त्याला ऊब कुठून मिळणार याची व्यवस्था करा. जुनी इमारत पाडायची असेल तर आधी ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइपांचं वेष्टण आणि शिशाचा जुना रंग यांची तपासणी झालीच पाहिजे, तीही हातोडा पडण्यापूर्वी. ॲस्बेस्टॉसचा तंतू छातीत गेल्यावर आजार दिसायला अनेक दशकं लागतात, त्यामुळे त्या दिवशी कोणालाच काही होत नाही आणि सगळे निर्धास्त राहतात.

आवाजाचं गणित उलट्या अंगाने उपयोगी पडतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने कमी होतो. पण सारखी दोन यंत्रं असताना एक बंद केलं तर फक्त 3 डेसिबल कमी होतात. म्हणजे जनरेटर दूर सरकवणं हे जास्त फायद्याचं. पत्र्याची भिंत लावली तर ती यंत्राला खेटून आणि खाली फट न ठेवता लावा. शेजाऱ्यांचा मात्र माझा अनुभव असा, की किती आवाज होणार यापेक्षा कधी संपणार हे कोणी सांगत नाही, याचा त्यांना जास्त त्रास होतो. खडक फोडायचा असेल तर दोन दिवस आधी स्वतः जा आणि वेळ सांगा. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे का ते विचारा, आणि सांगितलेली वेळ पाळा.

कार्बनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आज ना उद्या कोणी विचारेल. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी कुठल्याही इंधनावर चालवा, हा भाग रसायनाचा आहे, तो टळत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे. डिझाइन तुमच्या हातात नाही, पण दोन गोष्टी आहेत. फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं काँक्रीट ताकद हळू धरतं, म्हणून साइटवाले ते टाळतात. पायासारख्या भागावर पूर्ण भार यायला महिने लागतात, तिथे ताकद 28 ऐवजी 56 दिवसांनी तपासायला डिझायनरची लेखी संमती मागा. अनेकदा ती मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट काही दिवस ओलं ठेवणं. नीट क्युरिंग न झाल्याने फोडून पुन्हा ओतलेल्या कॉलमइतका वाया गेलेला कार्बन साइटवर दुसरा नाही. गोणपाट ओलं ठेवा आणि वर प्लास्टिक गुंडाळा, पाणीही वाचतं.

आता पुन्हा जबाबदारीकडे येतो. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने 1972 मध्ये मांडलं आणि 1992 च्या रिओ जाहीरनाम्यात ते सोळावं तत्त्व म्हणून आलं. पण साइटवर 'करणारा' कोण, हे कंत्राटात लिहिलं नसेल तर प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. उपठेकेदाराच्या कामाच्या किमतीत गाळाची टाकी, धुवण्याचा खड्डा, झाडाचं कुंपण या बाबी वेगळ्या ओळीत असू द्या. 'सर्व पर्यावरणीय खबरदारी समाविष्ट' अशा एका ओळीत सगळं गुंडाळलं, तर त्यातलं पहिलं काय गाळलं जाणार ते तुम्हाला माहीत आहे. मालकानेही वेळापत्रक इतकं आवळू नये की पावसात भराव टाकण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. ती त्याची जबाबदारी, आणि ती त्याला सांगण्याचं धाडस प्रोजेक्ट मॅनेजरचं.

तुमच्यासाठी तीन थांबे मागून घ्या: जमीन सोलण्याआधी, पहिल्या काँक्रीटआधी, आणि खड्ड्यातलं पाणी पंपाने बाहेर सोडण्याआधी. या तिन्ही ठिकाणी तुमची सही झाल्याशिवाय काम पुढे जाणार नाही, असं लेखी असू द्या. प्रोजेक्ट मॅनेजरनी हे सर्वांसमोर एकदा बोलून दाखवलं पाहिजे, नाहीतर मुकादमांशी तुमचं रोज भांडण होईल. मुकादमांना अडथळा वाटतो तो अचानक आलेल्या 'थांबा'चा. तेच आदल्या आठवड्यात सांगितलं तर ते स्वतःच खड्डा आधी खोदून घेतात, आणि कुठे खोदायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सकाळच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात रोज एकच गोष्ट घ्या, त्या दिवसाच्या कामाशी जोडलेली. डिझेल सांडलं असं जो स्वतःहून येऊन सांगेल, त्याला पहिल्या वेळी रागावू नका. एकदा रागावलात की पुढची गळती मातीखाली झाकली जाईल.

कागदपत्रं ठेवाच. आयएसओ 14001 हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक 1996 पासून आहे आणि त्याची चौकट चांगली आहे. पण ते व्यवस्थापनाची पद्धत तपासतं, तुमच्या ओढ्याच्या पाण्याची मर्यादा ते ठरवत नाही. म्हणून नोंदवहीत टिकमार्कपेक्षा आकडे आणि फोटो ठेवा: त्याच कोपऱ्यातून, त्याच कोनातून, दर आठवड्याला आणि प्रत्येक पावसानंतर.

आणि पाऊस पडत असतानाही जा. नंतर गेलात तर ओले डाग दिसतात, पाणी कुठून गेलं ते दिसत नाही. रेनकोट घालून त्या खालच्या कोपऱ्यात उभे राहा, बाहेर जाणाऱ्या पाण्याने एक काचेची बरणी भरा, तारीख चिकटवा आणि ती प्रोजेक्ट मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत ती उचलून सगळ्यांना दाखवा. वाळू तळाला बसलेली असेल. वरचं पाणी अजून चहाच्या रंगाचं असेल, तर वरचा कुठला उतार झाकायचा राहिला आहे ते त्याच बैठकीत मुकादमांना विचारा.